कोंडवाड्यातली मराठी

मुलगा त्याला प्लेपेन म्हणायचा. लोखंडी जाळीचे उभे तुकडे एकमेकांना सळ्यांनी जोडून, जेवणाचं टेबल भिंतीला सरकवून त्याने ते हॉलच्या मधोमध उभं केलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो 'कोंडवाडा'. माझ्या माहेरच्या गावात मोकाट गुरं धरून नेऊन डांबायची जागा होती, तिला कोंडवाडा म्हणत. माझ्या वडिलांची गाय एकदा तिथून सोडवून आणावी लागली होती.

"कोंडवाडा मतलब?" मुलाने विचारलं. मी सांगितलं. तो हसला. "अरे आई, जेल थोड़े ही है. इसके लिए घर है ये."

घर म्हणे. घर तर सगळंच रिकामं पडलं होतं. ह्यांचं वर्षश्राद्ध आटोपून दोनच दिवस झाले होते. मुलगा त्यासाठीच गुडगावहून आला होता, सून रजा न मिळाल्यामुळे आली नव्हती. श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी तो छावणीकडे राहणाऱ्या एका जुन्या मित्राला भेटायला गेला आणि परत आला तो स्वेटरच्या आत एक पिल्लू घेऊन. तपकिरी रंगाचं, पाय तेवढे पांढरे, पोट तट्ट फुगलेलं. मादी होती. मित्राची कुत्री व्यायली होती, एक तू घे म्हणाला, याने घेतलं.

गुडगावच्या घरमालकाची अट होती की कुत्रा पाळा, पण घर घाण करणारा नको. दोघंही दिवसभर ऑफिसात, शिकवणार कोण? म्हणून मग मी. "बस थोड़े दिन, आई. बाहर जाना सीख जाए, फिर मैं आके ले जाऊँगा. आपका भी मन लगा रहेगा."

माझं मन लावायला पिल्लू! मला कुत्र्यांचं प्रेम कधीच नव्हतं. ह्यांना होतं, पण माझ्या सोवळ्याच्या भीतीने ते गल्लीतल्या कुत्र्यांना फाटकाबाहेरच पोळी घालायचे. मी मुलाला म्हटलं, "मी काहून सांभाळू? तुझं कुत्रं, तू सांभाळ." तो म्हणाला, "प्लीज़, आई." त्याच्या बोलण्यात 'आई' हा एवढा एकच मराठी शब्द उरला आहे, आणि तो त्याने वापरला की माझं काही चालत नाही.

जाण्यापूर्वी त्याने सगळं समजावून दिलं. कोंडवाड्याच्या एका टोकाला तिची गादी, दुसऱ्या टोकाला वर्तमानपत्रं पसरायची. कुत्र्याची जात झोपायच्या जागी घाण करत नाही, ती आपोआप कागदाकडे जाईल. झोपून उठली, जेवली, खेळून झालं, की तिला उचलून मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली न्यायचं. बाहेर केलं की शाबासकी. आत केलं तर ओरडायचं नाही, मुकाट्याने पुसून घ्यायचं. हळूहळू कागद कमी करायचे, हळूहळू कोंडवाडा मोठा करायचा. मी ऐकून घेतलं. उभं आयुष्य सातवी-आठवीच्या पोरांना गणित शिकवण्यात गेलं, मझौलीच्या शाळेत तर चालू वर्गात शेळ्या येऊन बसत. माझ्यासारखीला कुत्र्याला शिकवायचे धडे देत होता.

तो गेला त्या सकाळी मी चहा घेऊन हॉलमध्ये आले तर ही कागद सोडून नेमकी गादीवर शू करून त्यातच बसलेली, आणि शेपटी हलवून माझ्याकडे बघत होती. कुत्र्याच्या जातीबद्दल मुलाने जे सांगितलं होतं ते हिला कोणी सांगितलं नव्हतं.

"अगं बये! काय करून राहिली तू हे!"

मी ओरडले आणि मीच दचकले. ओरडायचं नाही हे विसरले म्हणून नाही. घरात माझा आवाज आला म्हणून. कितीतरी दिवसांत या घरात मी मोठ्याने मराठी बोलले नव्हते. मुलगा आला होता तेव्हा बोलले असेन, पण तो सगळा श्राद्धाचा गडबडगुंडा, आणि त्याचं उत्तर हिंदीत आलं की माझंही वाक्य मधेच हिंदीकडे वळतं. हे होते तेव्हा तसं नव्हतं. आम्ही दोघं घरात मराठीच बोलायचो, भांडायचोही मराठीत. मुलगा ऐकायचा सगळं, त्याला समजायचंही सगळं, पण बोलायचा हिंदी. शाळा हिंदी, गल्ली हिंदी, क्रिकेट हिंदी. मराठी त्याच्यासाठी ऐकायची भाषा होती. आम्हीही म्हणायचो, समजतं ना, मग झालं.

जबलपूरला मराठी माणसं नाहीत असं नाही. पुष्कळ आहेत, काही तर भोसल्यांच्या काळापासूनची. पण ती भेटायची म्हणजे गणपतीत, आणि बायका भेटायच्या त्या हळदीकुंकवाला. चैत्रातलं, संक्रांतीचं, नवरात्रातलं. तासभर बसायचं, साड्यांबद्दल बोलायचं, सुनांबद्दल बोलायचं, पोटभर मराठी बोलून घरी यायचं. हे गेले आणि ती बोलावणी बंद झाली. कुणी वाईट वागलं नाही. रस्त्यात भेटल्या की सगळ्या प्रेमाने हात धरतात, "कशा आहात वहिनी?" विचारतात. पण संक्रांत येते आणि जाते. नवऱ्याबरोबर कुंकू जातं हे मला माहीत होतं. बोलणंही जातं हे माहीत नव्हतं.

तर आता बोलायला ही बया होती. मुलाने तिचं एक इंग्रजी नाव ठेवलं होतं, बिस्किटाच्या पुड्यावर शोभेल असं. ते माझ्या जिभेवर बसेना. मी तिला बयाच म्हणायचे. सकाळी कोंडवाड्याचं दार उघडायचं आणि म्हणायचं, "ये." आली की उचलून अंगणात. पेरूखाली ठेवून "शू कर" म्हणायचं आणि थंडीत शाल गुंडाळून उभं राहायचं. ती पालापाचोळा हुंगणार, मुंगीमागे जाणार, माझी चप्पल चावणार, आणि आत आणून ठेवली रे ठेवली की हॉलमध्ये करणार. असे कितीतरी दिवस गेले. पण गणिताच्या बाईला चिकाटी असते. एका सकाळी तिने पेरूखाली बसून खरंच केली, आणि मी "शाब्बास गं माझी बाय!" अशी ओरडले की शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी वाकून पाहिलं.

मग 'बस' शिकवलं. जेवणाची वाटी वर धरायची आणि बस म्हणायचं, बसली की वाटी खाली. 'थांब' शिकवलं. 'नको' तर ती आपणहून शिकली, दिवसभर तेच ऐकत होती.

घोटाळा माझ्या लक्षात आला तो कामवाल्या बाईमुळे. ती सकाळी झाडू-पोछ्याला येते आणि काम करता करता कानाला फोन लावून बहिणीशी बोलते. बहिणीशी म्हणजे ती हिंदीत बोलणार. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. हॉलमधून तिचा आवाज आला, "दीदी! इसको देखो, ये पागल हो गई है!" मी बाहेर आले. बया कोंडवाड्याच्या जाळीवर पुढचे पाय टेकून उड्या मारत होती. बाई फोनवर म्हणाली, "अरे ये कुतिया है ना, ये..." आणि प्रत्येक 'ये'ला ही जाळीवर नवी उडी. बाई घाबरून मागे सरली, "बस, बस!" म्हणाली. बया तत्काळ खाली बसली आणि वाटी कुठे आहे म्हणून बघायला लागली.

मी हसत सुटले. इतकी हसले की डोळ्यांना पदर लावावा लागला. बाईला समजावून सांगितलं की आमच्यात 'ये' म्हणजे आओ आणि 'बस' म्हणजे बैठो. ती म्हणाली, "तो दीदी, इसको हिंदी में सिखाओ ना. यहाँ सब हिंदी बोलते हैं, बेचारी दिन भर उठक-बैठक करेगी." बोलणं अगदी रास्त होतं. हॉलमध्ये टीव्ही लागला की बया गोंधळून जायची, टीव्हीवर सारखं कोणीतरी तिला बोलावत होतं. पण मी नाही शिकवली हिंदी. या घरात माझं मराठी ऐकणारा एवढा एकच जीव होता, तोही हातचा घालवू?

मी तिच्याशी काय वाटेल ते बोलायचे. भाजी काय आणली, कमानिया गेटपाशी केवढी गर्दी होती, तिच्या गळ्यातला पट्टा आणायला तीन दुकानं कशी फिरले, सराफ्यातून येताना रिक्षावाल्याने कसं लांबून आणलं. ह्यांना जे सांगितलं असतं तेच सगळं. फक्त हे मधून मधून "अच्छा" म्हणायचे आणि पेपरातून डोकं वर काढायचे नाहीत. ही डोकं वाकडं करून ऐकायची. ऐकण्याच्या बाबतीत ती ह्यांच्यापेक्षा सरस होती, हे ह्यांच्या फोटोसमोर उभी राहून मी ह्यांना सांगितलंही.

ह्यांचे पेपर मात्र तसेच होते. नागपूरचा मराठी पेपर आमच्याकडे यायचा, इथे पोचेपर्यंत शिळा व्हायचा, तरी हे घ्यायचेच. गेल्यावर मी तो बंद केला, पण शेवटच्या महिन्यांचा गठ्ठा पलंगाखाली तसाच ठेवला होता. कोंडवाड्यात मी शेजाऱ्यांकडून आणलेली हिंदी रद्दी पसरायचे. एक दिवस मी दाताच्या डॉक्टरकडे गेले असताना बाईने रद्दी संपली म्हणून पलंगाखालचा गठ्ठा ओढला. तिच्या दृष्टीने अक्षरं तीच. परत येऊन पाहते तर बया ह्यांच्या पेपरावर, ऐसपैस, आणि कडेला ओल पसरत चाललेली.

मी ताडकन बोलणार होते. पण वाकून तो कागद उचलला तर त्या पानावर ह्यांनी अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं होतं. अक्षरं ओली होऊन फुटली होती. मी तिथेच खाली बसले. रडू आलं आणि मी येऊ दिलं. बाई बिचारी "गलती हो गई क्या दीदी?" विचारत राहिली. तिला काय सांगणार. म्हटलं, नहीं रे, पुराना पेपर है.

खाली बसले, ते उठवेना. मग तशीच सरकत कोंडवाड्याच्या उघड्या दारातून आत गेले आणि जाळीला टेकून बसले. बया मांडीवर येऊन झोपली. पुढे मला ती सवयच लागली. दुपारी चहा घेऊन मी आत जाऊन बसायचे, दार लावून घ्यायचे. बाहेर तीन खोल्यांचं अख्खं घर मोकळं पडलेलं, आणि आम्ही दोघी जाळीच्या आत. हास्यास्पद होतं, कोणी पाहिलं असतं तर मुलाला फोन गेला असता. पण वर्षभरात मला त्या घरात बसवत नव्हतं, आणि तिथे बसवत होतं. इतकं साधं होतं ते.

अडचण एकच होती. बया शिकत होती.

मुलाचा फोन आला की पहिला प्रश्न तोच, "सीख गई?" आणि खरं उत्तर द्यायचं तर हो. कागद कमी करत करत एका पानावर आला, मग तेही कोरडं राहायला लागलं. तिला बाहेर जायचं असलं की ती दाराशी जाऊन एकदाच "हुं" करायची. मी मुलाला म्हणायचे, "शिकून राहिली. वेळ लागतो." मग माझ्यातली मास्तरीण आतून टोचायची. पास झालेल्या मुलीला नापास कसं दाखवायचं? होळीच्या सुमारास पाहुणे येऊन गेले, घरभर अनोळखी माणसं, तरी बयेने एक थेंब सांडला नाही. त्या दिवशी मुलाचा फोन आला तेव्हा मी अभिमानाने सगळं सांगून बसले. "वाह आई! फिर तो मैं अगले हफ्ते आता हूँ." फोन ठेवला आणि मी कोंडवाड्यात जाऊन बसले.

तो आठवडा मी मनात वाक्य जुळवण्यात घालवला. ही मला हवी आहे. तुम्हाला दुसरी मिळेल, मला ही राहू दे. आयुष्यात मुलाकडे मी काही मागितलेलं नाही, उलट तोच मागत आला. एवढं मागायला काय हरकत आहे, असं मी अंगणात उभी राहून बयेलाच विचारायचे.

मुलगा गाडी घेऊन आला, बरोबर सूनही आली. सून लखनौची, गोड स्वभावाची. तिने येताच बयेला उचलून छातीशी धरलं आणि फोनवर नव्या घरातल्या तिच्या गादीचे, खेळण्यांचे फोटो मला दाखवले. बाल्कनीला जाळी लावली होती, आजूबाजूला सुंदरशी बाग होती. मी सगळं बघितलं. छान आहे म्हटलं.

निघायच्या सकाळी मुलगा उकिडवा बसून कोंडवाड्याच्या सळ्या काढायला लागला. सून न्हाणीघरात होती. मला वाटलं, आता. मी दारात उभी राहून म्हटलं,

"राहू दे."

"अरे नहीं आई, दो मिनट का काम है." त्याने मान वर केली नाही.

"तसं नाही. राहू दे म्हणते ना मी."

"आप बैठो ना आई. मैं कर लूँगा. आप क्यों परेशान होती हो?" आणि पुढची सळी ओढली.

त्याला 'रहने दो' ऐकू आलं होतं. राहू दे, मी नंतर आवरीन, तू कशाला त्रास घेतोस. आयांनी मुलांना म्हणायचं ते. 'तिला' एवढा एकच शब्द मी पुढे लावायला हवा होता. नाही तर सरळ हिंदीत, इसको मेरे पास छोड़ दो. मला येत नाही का हिंदी? आयुष्यभर हिंदीत शिकवलं. पण ज्याला मी जन्म दिला त्याच्याकडे मागणं मागायचं आणि ते भाषांतर करून मागायचं, हे माझ्या घशाखाली उतरेना. तेवढ्यात सून बाहेर आली, "मम्मी जी, आपने तो जादू कर दिया इस पर," म्हणाली, आणि ती वेळ गेली. मुलाने जाळ्या एकावर एक रचल्या आणि डिकीत नेऊन टाकल्या. टेबल सरकवून पुन्हा मधे आणलं.

बया फाटकापर्यंत माझ्या पायांत पायांत आली. गाडीशी येऊन मात्र तिने चार पाय रोवले. मुलगा पट्टा ओढतोय, ही हलेना. मला थोडी आशाच वाटली. सुनेने आतून वाकून विचारलं, "सुनो, ये आगे बैठेगी या पीछे?" आणि बया उडी मारून तिच्या मांडीवर गेली.

सून केवढी खूश झाली.

त्यानंतर मला बरं नव्हतं असं मी लोकांना सांगितलं. ताप वगैरे काही नव्हता. सकाळी उठून मागचं दार उघडायचं कारण नव्हतं, ते बंदच राहिलं. बाई फोनवर बोलायची आणि तिच्या 'ये'ला घरात कोणी उडी मारत नव्हतं. मुलावर राग आला होता का? आला होता. पण त्याने ऐकलं नाही असं म्हणता येत नव्हतं, त्याने तर लगेच उत्तर दिलं होतं.

दोन-चार दिवसांनी त्याचा फोन आला. "आई, ये तो सुनती ही नहीं. सोफ़े पे कर दिया. आप इसको क्या बोलती थीं?" मी सांगितलं. तो पलीकडे म्हणायला लागला, परीक्षेत पाठ केलेलं म्हणावं तसं, "शू कर. शू कर ना रे." मी म्हटलं, "रे नाही रे, गं. बाई आहे ती." "शू कर ना गं," तो म्हणाला. पलीकडे सुनेचं हसू ऐकू आलं.

मग तो रोजच फोन करायला लागला, तिला संध्याकाळी खाली फिरवायला नेतो तेव्हा. सुरुवातीला शब्द विचारायचा. धाव कसं म्हणायचं, सोड कसं म्हणायचं. मग विचारणं कमी झालं. लहानपणी कानांवर पडलेलं सगळं कुठेतरी साठून होतं, ते आता बाहेर यायला लागलं. "अगं थांब ना, काहून ओढून राहिली? ते घाण आहे, तोंडात घालू नको. इकडे बघ. शहाणी गं माझी." आवाज थेट त्याच्या वडिलांचा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खुर्चीची कड धरली.

तो विसरतो की फोन चालू आहे. तिच्याशी बोलत बोलत बराच वेळ चालत असतो. मी फोन कानाला धरून बसते, खोकलासुद्धा दाबते. माझा आवाज ऐकला की तो म्हणेल, "हाँ आई, बोलिए."